जुन्या घराचं काम काढलंय, त्यातच फिश टँक ठेवायचाय, आधीपासून काय काय बघू?

तुमचं घर आजोबांच्या वेळचं, वरच्या मजल्याला लाकडी तुळया, तिथल्याच हॉलमध्ये चार फुटी टँक ठेवायचाय, जमलं तर भिंत फोडून त्यात बसवायचाय, आणि मिस्त्री म्हणतायत "टँकचं नंतर बघू". तर पहिलं हेच सांगतो की नंतर बघू नका. टँक घरात सगळ्यात शेवटी येऊ दे, पण त्याची जागा प्लास्टरच्या आधी ठरलेली पाहिजे. मी नेमकं उलटं केलं होतं. घर चकाचक झालं, रंग झाला, मग टँक आणला आणि एका सॉकेटसाठी नव्या कोऱ्या भिंतीला परत छिन्नी लावली. दोन दिवस घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं.

आता वजन. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये काठोकाठ धरलं तर 240 लिटर पाणी बसतं, म्हणजे नुसतं पाणीच 240 किलो. 10 एमएमची काच असेल तर तिचे 50 किलो, वर खडी, दगड, स्टँड, सगळं मिळून साडेतीनशेच्या पुढे जातं. पाच धट्टीकट्टी माणसं एकाला एक चिकटून उभी राहिलीत असं समजा, फक्त ती माणसं रात्री घरी जात नाहीत, आणि लाकडाला त्रास होतो तो याचाच, कारण लाकूड थोडा वेळ आलेलं वजन आरामात झेलतं पण तेच वजन वर्षानुवर्षं एका जागी राहिलं की हळूहळू वाकत जातं. घराची जमीन सहसा चौरस मीटरला 200 किलो धरून डिझाईन करतात, तुमचा टँक अर्ध्या चौरस मीटरवर साडेतीनशे टाकतोय. घाबरू नका, तो 200 चा आकडा सगळ्या खोलीभर धरलेला असतो, म्हणून टँक ठेवला आणि जमीन गेली असं लगेच होत नाही, पण जागा चुकली तर महागात पडतं.

जागा अशी बघायची की तुळया ज्या भिंतीवर टेकल्यात त्या भिंतीला लागून टँक, आणि टँकची लांबी तुळयांना आडवी. म्हणजे वजन तीन-चार तुळयांत वाटलं जातं आणि तेही त्यांच्या टोकापाशी. टँक तुळईला समांतर ठेवलात तर सगळा भार एकटीवर, आणि खोलीच्या मधोमध ठेवलात तर विचारूच नका. आत्ता छत आणि पाटणी उघडी आहे तोवर तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं बघून घ्या, जुन्या घरात कुजतं ते तिथेच, कारण भिंतीतली ओल तिथेच मुरते. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर टँकचं सोडा, आधी तुळईचं बघा. आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला एकदा दाखवाच, "मिस्त्री म्हणाले चालतंय" यावर साडेतीनशे किलो ठेवू नका. तळमजल्यावर जागा असेल तर यातलं निम्मं टेन्शन तसंच जातं.

लेव्हलचा माझा किस्सा ऐका. टँक ठेवला, पाईप सोडला, अर्ध्याच्या वर भरला आणि मुलगी म्हणाली बाबा पाणी तिरकं आहे. पाणी कसलं तिरकं, पाणी सरळच होतं, घर तिरकं होतं! डावीकडे काठापासून चार बोटं खाली आणि उजवीकडे अडीच. इतकी वर्षं त्या खोलीत राहिलो, कधी जाणवलं नव्हतं. मग बादली बादली करून सगळा उपसला, सुताराने स्टँडच्या पायाखाली पॅकिंग मारलं आणि परत भरला. तसाच ठेवला असता तर एका बाजूच्या सिलिकॉनच्या जोडावर कायम जास्त ताण राहिला असता आणि तो कधी सुटला असता ते सांगता येत नाही. पॅकिंग द्यायचं ते जमीन आणि स्टँडच्या मध्ये हं, काच आणि स्टँडच्या मध्ये नाही, तिथे फक्त सपाट फोमची शीट. तुमची फरशी अजून बसायचीय ना, मग मिस्त्रींना तेवढ्या जागेपुरती लेव्हल पाईप लावून जमीन सपाट करायला सांगा.

भिंतीत बसवायचं म्हणाल तर माझं मत नाही असंच आहे. जुन्या घरातल्या जाड भिंती बहुतेक भार घेणाऱ्या असतात, वर लिंटेल (फोडलेल्या जागेवरचं वजन झेलणारी आडवी तुळई) टाकल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि समजा तेही केलंत तरी टँकवर हात घालायला किमान फूटभर मोकळी जागा आणि मागून दार लागतंच. फोटोत मस्त दिसतं, पण मेलेला मासा काढायला कोपरापर्यंत हात आत घालून आंधळ्यासारखं चाचपडावं लागतं तेव्हा कळतं. भिंतीपुढे स्टँडवर ठेवा, मागे हात जाईल एवढी फट सोडा म्हणजे रंगाला पोपडे येणार नाहीत. खिडकीचं ऊन थेट पडत असेल तर काचेवर हिरवं शेवाळ घासत बसाल.

वायरिंग चालूच आहे तर सॉकेट टँकच्या बाजूला आणि पाण्याच्या पातळीच्या वर घ्या, पाच-सहा तरी पॉइंट. वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबली पाहिजे आणि मग वर चढून प्लगमध्ये गेली पाहिजे म्हणजे ओघळ आला तरी खाली गळतो. अर्थिंग तपासा, जुन्या घरात बऱ्याचदा ते नावालाच असतं, आणि त्या लाईनला 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच) लावाच, यात काटकसर नको. इन्व्हर्टर असेल तर फिल्टर आणि एअर पंपाचा एक पॉइंट त्यावर घ्या, हीटरचा नको. जवळ नळ आणि पाणी सोडायला जागा पण बघून ठेवा, आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं म्हणजे 60 लिटर, चार बादल्या, जिन्यावरून वाहून बघा एकदा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाळवीचं औषध. लाकडी घर म्हणजे ते मारणारच. त्यात बऱ्याचदा पायरेथ्रॉइड असतात, माणसाला विशेष काही होत नाही पण माशांसाठी जहर. माझ्याकडे आधी छोटा टँक होता, काम चालू असताना तो आतल्या खोलीत ठेवून दार लावलं आणि वाटलं झालं काम. बाहेर फवारणी चालू आणि आत एअर पंप बुडबुडे सोडतोय. एअर पंप हवा कुठून घेतो? खोलीतूनच ना. तीच ओढून पाण्यात सोडत होता. संध्याकाळपर्यंत सात गप्पी उलटे. फवारणीवाल्यांचा दोष नव्हता, घरात मासे आहेत हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं. थिनर आणि ऑइलपेंटच्या वासाचंही तेच.

म्हणून आत्ता मासे असतील तर काम संपेपर्यंत मित्राकडे पाठवा, आणि जमलं तर नव्या फिल्टरचा स्पंजही त्याच्याच चालू टँकमध्ये टाकून ठेवा. अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्यावर वाढतात आणि घर तयार होईपर्यंत फिल्टरही तयार होतो, नाहीतर मासे न सोडता टँक चार ते सहा आठवडे नुसता चालवत बसावं लागतं.

बाथरूमचं उरलेलं सिलिकॉन टँकला वापरू नका, त्यात बुरशीनाशक असतं. घरातला जुना दगड शोभेला टाकायचा मोह होईल, आधी त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फसफसलं तर त्यात चुना आहे, पाणी जड म्हणजे क्षारांचं होईल.

आता एक करा, तुळया कुठल्या भिंतीकडून कुठल्या भिंतीकडे जातात आणि दोन तुळयांमध्ये अंतर किती ते टेपने मोजून लिहा, मग नेमकी कुठली भिंत ते बघू.