आईच्या खबरबातीला उत्तर देताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आई दर रविवारी फोनवर गायीचे, मोहोराचे, वाडीतल्या लग्नाबारशांचे तेच ते सांगत राहते, त्यावर काय बोलावे हे तुला सुचत नाही आणि अर्धा तास नुसते ‘हो, हो’ करण्यात जातो, असे तू लिहिले आहेस. जर्मनीत एकट्याने राहून शिकताना तुला हा प्रश्न पडला आणि तो तू मोकळेपणाने विचारलास, याचा मला फार आनंद झाला.

आपल्या गावाचे शाखा डाकघर अनेक वर्षे माझ्याच घराच्या ओटीवर होते, हे तुला ठाऊक आहे. मुंबईला गिरणीत असलेल्या मुलाला पत्र घालायचे, पण स्वतःला लिहिता येत नाही, अशा बाया माझ्याकडे येऊन बसत. त्या सांगत जात आणि मी लिहीत जाई. कोणत्या घरचे कोणते पत्र, हे मी आजही कोणाला सांगणार नाही. पण त्या सर्व पत्रांत जे सारखे होते, ते तुला सांगायला हरकत नाही. १९५० साली सुरू झालेल्या अंतर्देशीय पत्रात जागा मोजकीच, आणि आत काही घालून पाठवण्याची परवानगी नाही, त्यामुळे देवाचा अंगारा पाठवायचा असला तर वेगळे पाकीट घ्यावे लागे. ती मोजकी जागा या बाया घरच्या बारीकसारीक गोष्टींनीच भरून काढत: गाय व्याली, पाडा झाला, वरच्या आळीतल्या आजी गेल्या, काजूला यंदा बी कमी आहे, धाकटीला पाहायला मंडळी येऊन गेली, मागच्या पडवीत गळते. मी ते सांगितले त्याच क्रमाने लिहीत असे, कारण त्या क्रमालाही अर्थ असे. पडवी गळते हे वाक्य बहुधा शेवटाकडे येई आणि सारे पत्र त्या वाक्यासाठी घातलेले असे. ‘पैसे पाठव’ असे सरळ लिहायला सांगणारी आई मला क्वचितच भेटली. समजदार मुलगा पुढच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर, निरोपासाठी असलेल्या त्या एवढ्याशा जागेत, ‘पावसाआधी कौले परतून घे’ एवढेच लिहून पाठवी.

१८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू कोकणातल्या घरोघरी येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. त्या दिवसांत आयांनी सांगितलेल्या पत्रांत संपाचे नाव क्वचितच येई. नाचणी बरी आली आहे, कणगीत भात आहे, भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, कवळ (झाडांच्या डहाळ्या) तोडायला माणूस मिळत नाही, असा मजकूर असे. तू आलास तर घरावर भार होणार नाहीस, उलट तुझी इथे गरज आहे, हे मुलाची मान खाली जाऊ न देता सांगण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही.

तुझी आई शिकलेली आहे, हातात फोन आहे आणि बोलायला वेळही हवा तेवढा आहे. तरी सांगण्याची रीत तीच आहे. म्हणून ती सांगते ते तपशिलासकट ऐकावेस आणि मागच्या आठवड्याचा धागा धरून पुढचे विचारावेस, असे मला वाटते. ‘तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाला कोणतीही आई ‘बरी आहे’ असेच उत्तर देते, तेव्हा त्या प्रश्नावर विसंबू नकोस. काजूच्या बिया वेचायला या वर्षी कोण गेले, विहिरीचे पाणी कोण काढते, गौरीच्या सणाला स्वयंपाकात मदतीला कोण आले होते, हे विचार. स्वतः डोंगरात जाणाऱ्या आईने या खेपेस दुसऱ्या कोणाचे नाव घेतले, तर तिच्या गुडघ्यांविषयी तुला कळायचे ते कळेल. ‘बाबांना आता बरे आहे’ असे ती म्हणाली, तर त्यांना काय झाले होते, हे त्याच वेळी शांतपणे विचारून घे. आणि एरवी हमखास येणारा एखादा विषय दोन-तीन रविवार आलाच नाही, तर तो तू स्वतः काढ.

येथे एक गोष्ट फार जपायला हवी. तिने अडचण सांगितली की लगेच तोडगा सांगण्याची घाई करू नकोस. ‘गाय विकून टाक’, ‘गडी ठेव, पैसे मी देतो’ अशी उत्तरे दूरच्या मुलांच्या तोंडी पटकन येतात. त्यांत प्रेमच असते, हे मी जाणतो, पण दोनदा असे उत्तर मिळाल्यावर आई गायीविषयी बोलणेच थांबवते आणि मग तुला फक्त हवापाण्याचे ऐकायला मिळते. आधी पुरते ऐकावे, तिचा स्वतःचा विचार काय आहे ते विचारावे आणि पैशांचे बोलणे नंतर, जमल्यास बाबांशी करावे.

तिलाही तुझ्याकडून असेच काही हवे असते. परीक्षेचा निकाल आणि नोकरीची बातमी तू सांगशीलच, पण डिसेंबरात तिकडे दुपारी साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो, तेव्हा तू खोलीवर कसा परततोस, भात कशात शिजवतोस, घरमालकीण कशी आहे, हे तिला कळले म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी तू काय करत असशील, हे तिला डोळ्यांसमोर आणता येते. त्या गिरणीतल्या मुलांच्या कुपनांवर ‘मी खुशाल आहे’ याच्या पुढे ‘खाणावळ बदलली’ एवढे जरी असले, तरी त्यांच्या आया ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावत.

आता शिमगा जवळ आला आहे. पालखी घरी येईल त्या दिवशी फोन करू नकोस, तिला क्षणाची उसंत नसेल. दुसऱ्या दिवशी कर, आणि पालखी कोणी नाचवली, माहेरवाशिणी कोण कोण आल्या, हे तिला सविस्तर सांगू दे.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझे,
पोस्टमास्तर काका

ता. क. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे होतील आणि आपल्यातले साडेचार तासांचे अंतर साडेतीन तासांवर येईल. तू तुझ्या चार वाजताच फोन करत राहिलास, तर इकडे साडेसात झालेले असतील आणि आई चुलीवरचे तसेच टाकून बोलायला बसेल. तेव्हापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत तुझ्या पाच वाजता फोन करावास.