मशीन सर्व्हिसला देण्याआधी बीएमसीचा लॉग उतरवून घ्या

दोन प्रोसेसरचं मशीन, लोड वाढला की गोठतं, माऊस हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही, लिनक्सचा लॉग कोरा, मेमरी टेस्ट पास, आणि सर्व्हिसवाले म्हणतात लिनक्स नव्याने टाका. तुम्ही लिहिलेलं हे सगळं मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. धूळ, तापमान, बायोस अपडेट हे तुम्ही बघितलं असणार असं धरून चालतो.

सगळ्यात आधी, लिनक्स नव्याने टाकू नका. आमचं मशीन सर्व्हिस सेंटरला गेलं तेव्हा त्यांनी आल्या आल्या डिस्क फॉरमॅट केली आणि मदरबोर्डवरच्या बीएमसीचा (हार्डवेअरवर स्वतंत्रपणे नजर ठेवणाऱ्या चिपचा) इव्हेंट लॉगही पुसून टाकला. मग टेस्ट चालवली आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत पाठवलं. घरी आल्यावर गोठणं पुन्हा सुरू. त्याच लॉगमध्ये नव्याने नोंदी साठू लागल्या, सगळ्या दुसऱ्या प्रोसेसरच्या एकाच मेमरी स्लॉटच्या. म्हणजे पहिल्या खेपेलाही उत्तर तिथेच असणार. पुरावा पुसून मग तपास करणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. वॉरंटीत मशीन देणं भाग असेल तर जरूर द्या, पण बीएमसीचा लॉग आधी उतरवून घ्या आणि डिस्क काढून ठेवता आली तर ठेवा.

मेमरी टेस्ट पास झाली यावर विसंबू नका. ईसीसी, म्हणजे चूक सुधारण्याची सोय असलेली रॅम असेल तर एका बिटची चूक आपोआप दुरुस्त होते, त्यामुळे टेस्टला ती बहुतेकदा दिसतच नाही. दुरुस्त झालेल्या चुकांचा हिशेब कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ईडॅक हा भाग ठेवतो. त्या चुका टिपणारा रासडीमन हा प्रोग्राम चालू केलात तर स्लॉटनिहाय नोंद मिळते. एकाच स्लॉटचा आकडा वाढत असेल तर रॅमच्या पट्ट्यांची अदलाबदल करा. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब. त्याच स्लॉटवर राहिली तर प्रोसेसर, सॉकेट किंवा बोर्ड.

आमच्याकडे ती स्लॉटवरच राहिली. दुसऱ्या प्रोसेसरचा हीटसिंक काढला तर एका कोपऱ्याचा स्क्रू बाकीच्यांपेक्षा स्पष्ट सैल होता. मेमरीच्या वाहिन्या थेट प्रोसेसरच्या तळातून जातात. दाब असमान पडला की एखाद्या पिनेचा संपर्क कच्चा राहतो. पिना भिंगातून तपासल्या, सगळ्या सरळ होत्या. नवी पेस्ट लावून स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत थोडे थोडे आवळत नेले आणि चुका थांबल्या. तुमच्याकडे हेच असेल असं मी म्हणत नाही. दुसऱ्या प्रोसेसरचा आठ पिनांचा पॉवर कनेक्टर नीट बसलाय का तेही बघा.

आणि लॉग कोरा म्हणजे कर्नल काही बोललंच नाही असं नव्हे. गोठल्यावर डिस्कवर लिहायला कुणी उरत नाही. पोर्ट असेल तर सिरियल केबल, नाहीतर वायरच्या नेटवर्कवरून नेटकन्सोल लावून संदेश दुसऱ्या मशीनवर घ्या. संदेशांची पातळीही वाढवा. एनएमआय वॉचडॉग, म्हणजे अडकलेला कोअर ओळखणारी कर्नलची सोय, चालू ठेवा. मूळ सेटिंगमध्ये एखादा कोअर १० सेकंद इंटरप्टलाही (हार्डवेअरच्या हाकेलाही) दाद देईना की हार्ड लॉकअप नोंदला जातो. कर्नलमध्येच २० सेकंद अडकला तर सॉफ्ट लॉकअप. सॉफ्ट लॉकअप दिसला तर माझा संशय आधी ड्रायव्हरवर जाईल. काहीच न उमटता सगळं थिजलं तर हार्डवेअरवर. हा माझा अनुभव आहे, नियम नव्हे.

न्यूमासीटीएल या कमांडने काम आणि मेमरी आधी एका प्रोसेसरला बांधा, मग दुसऱ्याला. कोणत्या बाजूला गोठतं ते कळलं की शोध अर्ध्यावर येतो. मशीन लोडखाली नव्हे तर रिकामं असताना गोठत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा बायोसमध्ये खोल सी-स्टेट (प्रोसेसरच्या वीज वाचवणाऱ्या झोपेच्या अवस्था) बंद करून बघा.

नोंदी मिळाल्या की शेवटच्या ओळी, स्लॉटचं नाव आणि बोर्डाचं मॉडेल टाका, मी बघतो.