तारण फुकट आहे, तर मग ‘स्वीकारा’ ही अट कशाला?

तुम्ही मित्राबरोबर प्रार्थनासभेला गेलात. वक्ते तासभर सांगत होते की तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं मिळतं, फुकट. आणि शेवटी म्हणाले, ‘येशूला स्वीकारायचंय त्यांनी आत्ताच हात वर करा.’ फुकट आहे तर हात कशाला, हा तुमचा प्रश्न.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातला. उन्हाळी शिबिरांत लागोपाठ तीन वर्षं मी असा हात वर केलाय, तिसऱ्या वर्षी तर शेजारच्यानं केला म्हणून. त्यामुळे हाताबद्दलची तुमची शंका मला रास्तच वाटते.

बोलावण्याचं मात्र वेगळं आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १४व्या अध्यायात, येशू एका मोठ्या जेवणावळीची गोष्ट सांगतो. आवतण आधीच गेलेलं असतं. जेवण तयार झाल्यावर चाकर पुन्हा निघतो, ‘चला, सगळं तयार आहे.’ आमच्याकडे अजून असंच चालतं. आदल्या दिवशी चूलबंद आवतण आणि पंगत बसायच्या वेळी पोरगं दारात हजर, ‘जेवायला चला.’ गोष्टीतल्या तिघांची कारणं बघा: एकानं शेत घेतलंय, दुसऱ्यानं पाच बैलजोड्या, तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. यात पाप कुठलंच नाही, सगळी कामाची माणसं! यजमान चिडतो आणि गल्लीबोळातल्या गरिबांना, आंधळ्या-पांगळ्यांना आणायला लावतो. ते येतात, बसतात. पानावर बसलो म्हणजे स्वयंपाकाला हातभार लावला, असं त्यांच्यातलं कोणी म्हणणार नाही. स्वीकारणं ते एवढंच.

पण हेच जड जातं. एकदा एका लग्नाला गेलो होतो. पत्रिकेवर ठळक छापलेलं, ‘कृपया आहेर आणू नये’. (‘कृपया’त कृपा आहे, हे मला त्या दिवशीच पहिल्यांदा दिसलं.) तरी मी खिशात १०१चं पाकीट ठेवलंच. नवरीच्या आजोबांच्या हातात सरकवायला गेलो, तर त्यांनी ते परत माझ्याच खिशात कोंबलं. ‘पत्रिका वाचली न्हाई व्हय? बस पानावर.’ जेवलो, पण पहिले चार घास नीट उतरले नाहीत. फुकटचं खाणं आपल्या मानी स्वभावाला सोसत नाही. देवाच्या बाबतीत माझं वर्षानुवर्षं तेच झालं. उपवास, वर्गणी, रविवारची हजेरी, सगळी पाकिटंच.

आणि हात वर केला, नाव नोंदवलं, म्हणजे झालं असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पण पुढे त्यांनीच लिहिलंय की तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली. एवढ्या विदुषीचं असं, तर सभेत दोन मिनिटांत उत्तर मागणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं असं मला वाटतं.

तेव्हा त्या संध्याकाळचं ओझं बाळगू नका. जमलं तर पुढचा १५वा अध्याय वाचा. त्यातल्या गोष्टीत बापाचा पैसा उधळून परतणाऱ्या पोरानं घरी येताना ‘मला मजुरासारखं ठेवा’ असं पाठ केलेलं असतं. बाप धावत येऊन गळ्यात पडतो, ते वाक्य पोराच्या तोंडातच राहतं आणि झगा, अंगठी, जोडे मागवले जातात. थोरला भाऊ रुसून बाहेर उभा राहतो, तर त्याची समजूत काढायलाही बापच बाहेर येतो. तो शेवटी आत गेला की नाही, ते येशूनं सांगितलेलं नाही.