सायकलची ट्यूब घेण्याआधी टायर वाचा

दुकानात जाऊन नुसतं "सव्वीसची ट्यूब द्या" म्हणू नका. २६ × १.९५ आणि २६ × १ ३/८ दोन्ही सव्वीसच, पण रिम वेगळ्या: पहिलीचा व्यास ५५९ मिलिमीटर, दुसरीचा ५९०. टायरच्या कडेला ५०-५५९ असा जोडआकडा उठवलेला असतो, त्याचा फोटो काढून न्या. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. पहिला म्हणजे रुंदी. ती ट्यूबच्या खोक्यावरच्या मापांच्या मध्ये कुठेही बसली की झालं. (टायरवर २९ लिहिलेलं असो की ७००सी, दोन्हींची रिम ६२२चीच. तिथे फक्त रुंदी बघा.)

व्हॉल्व्ह जुना होता तसाच घ्या. मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हच्या भोकात बारीक, प्रेस्टा प्रकारचा व्हॉल्व्ह घातला तर तो हलतो आणि बुडाशी ट्यूब फाटते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- रुंद टायरला अरुंद ट्यूब. ताणून पातळ होते, लवकर जाते. फार मोठी घेतली तर घडी पडते आणि तिथेच चिरते.
- टायर आतून न चाचपणं. बाभळीचा काटा आतच राहिला तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर.
- टायरची शेवटची कड लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) चढवणं. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा आणि कड अंगठ्यांनीच ढकला.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर निघालात की एक जादा ट्यूब आणि पंप सोबत हवाच. ट्यूबलेसचं पुढे बघू.