पेट-सीटी वाचायला नुकतीच सुरुवात केलीयेस ना, मग हे आधी वाच

रंगीत फ्यूजन इमेज (पेट आणि सीटी एकावर एक ठेवलेली) उघडून लगेच ट्यूमर शोधत बसू नकोस, ती दिसते भारी पण फसवते पण तेवढीच. पेटवर कळतं ग्लुकोज कुठे जास्त ओढलं जातंय आणि सीटीवर कळतं ती जागा नेमकी कुठली, पण गंमत अशी की सीटी काही सेकंदांत उरकतं आणि पेटला एकेका टप्प्याला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढ्यात पेशंटचा श्वास चालूच, म्हणून लिव्हरच्या वरच्या टोकाची गाठ फुफ्फुसाच्या तळाशी दिसू शकते. मी नवीन असताना एकदा सरळ फुफ्फुसात म्हणून लिहून टाकलं होतं, सरांनी कोरोनल व्ह्यू (समोरून दिसणारा छेद) काढून दाखवला तेव्हा चेहरा बघण्यासारखा झाला माझा. तेव्हापासून डायफ्रॅमजवळ (छाती आणि पोटामधल्या पडद्याजवळ) काही चमकलं की सीटीवर तिथे खरंच गाठ आहे का ते बघतोच.

आणि चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं रे. मेंदू, मूत्राशय चमकणारच, इन्फेक्शनपण चमकतं, पेशंटला थंडी वाजली असेल तर मानेतली ब्राउन फॅटसुद्धा (शरीर गरम ठेवणारी चरबी), पण सीटीवर तिथे नुसती चरबी दिसते, विषय संपला.

मेटल इम्प्लांट असेल तर सीटीवरून करेक्शन (शरीरात अडलेल्या किरणांची भरपाई) न केलेल्या पेट इमेजेसपण उघड, धातूमुळे करेक्शन चुकून खोटा अपटेक (ग्लुकोज जास्त ओढल्याचा भास) दिसतो.

हो, किरणोत्सर्गी ग्लुकोजच्या इंजेक्शनची वेळ आणि शुगर आधी विचार. साधारण तासाभराने स्कॅन घेतात, त्यात बराच फरक पडला की जुन्या स्कॅनच्या एसयूव्हीशी (ग्लुकोज किती ओढलं त्याचा आकडा) तुलना गंडलीच म्हणून समज.