बक्षिसाचा गोवा आणि खिशात गेलेला कागद

प्रश्न : ताई, मॉलच्या दारात एका मुलीने लकी ड्रॉचं कूपन भरून घेतलं. आठवड्याने फोन आला : 'अभिनंदन सर, गोव्याची तीन रात्री-चार दिवसांची ट्रिप लागलीय. व्हाउचर घ्यायला मॅडमना घेऊन या.' रविवारी ठाण्यातल्या एका हॉटेलात गेलो. तासाभराचं काम तीन तास चाललं आणि आम्ही 25 वर्षांच्या हॉलिडे मेंबरशिपवर सही करून बाहेर पडलो. 1,40,000 पैकी 40,000 रुपये कार्डावरून गेले, बाकीचे हप्त्याने. घरी कागद वाचले, तर वर्षाला 9,000 मेंटेनन्स वेगळा, दिवाळी आणि मे महिन्यात बुकिंग नाही आणि 'पैसे परत मिळणार नाहीत'. आज सहावा दिवस. बायको बोलत नाही. काही होईल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादा, तुमचा मेल आला त्याच संध्याकाळी फोनवर बोललो, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. इथे लिहितेय ते बाकीच्यांसाठी.

आधी कबुली. 2012 साली पुण्यात अशाच एका हॉलमध्ये मीही बसले होते. निमित्त चांदीच्या नाण्याचं. गाणी इतकी मोठ्याने लावलेली की शेजारच्या नवऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. मधूनच माइकवरून कुणीतरी 'मेंबर' झाल्याचं जाहीर व्हायचं, की टाळ्या. आमच्या टेबलावरच्या मुलाने कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. वर्षाला फिरायला किती जातात? वीस हजार. गुणिले पंचवीस, पाच लाख! त्यावर काट मारून एक लाख दहा हजार. मग 'मॅनेजर' आला, त्याने तेही खोडून नव्वद केलं. पण 'फक्त आज'. मी म्हटलं, हा कागद द्या, घरी मुलाशी बोलून सांगते. पोरगा गोड हसला, कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात टाकली. तिथेच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर आम्ही उठलो ते सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली म्हणून. नाणं मिळालं. सोनाराने नखाने खरवडून परत दिलं.

नवरा-बायको दोघांनाही का बोलावतात? 'घरी विचारून सांगतो' म्हणायची सोय राहू नये म्हणून. आणि तुमचे 9,000 गुणिले 25 करून बघा : 2,25,000. मेंबरशिपच्या किमतीपेक्षा जास्त. हा गुणाकार त्या टेबलावर कुणी मांडला नसणार.

आता मार्ग. करारात 'कूलिंग ऑफ' किंवा अमुक दिवसांत रद्द करता येईल अशी ओळ आहे का, ते शोधा. काही कंपन्या दहा दिवस देतात. ओळ नसली तरी मेंबरशिप रद्द करत असल्याचं आजच ईमेलने कळवा आणि तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा. फोनवर नको. फोनवर पुन्हा एखादा गोड मुलगा भेटेल आणि 'सर, अपग्रेड करून देतो' म्हणेल. बँकेला लेखी कळवून हप्त्यांचा मँडेट, म्हणजे हप्ते आपोआप कापून घ्यायला दिलेली परवानगी, थांबवा आणि कार्डाच्या व्यवहारावर वाद नोंदवा. सही तुम्ही स्वतः केलीय, त्यामुळे बँक लगेच ऐकेलच असं नाही. पण नोंद राहते.

मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलतात. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. करारात 'वाद झाल्यास फक्त दिल्लीत' असं छापलं असेल तरी घाबरू नका. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. दोन वर्षांची मुदत आहे, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. बक्षीस जाहीर करायचं आणि द्यायचंच नाही, हीदेखील याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा. म्हणून ते गोव्याचं व्हाउचर आणि फोन आल्याची तारीख जपून ठेवा.

सगळे पैसे मिळतीलच असं वचन मी देत नाही. आणि वहिनींना सांगा, त्या हॉलमध्ये शिकलेसवरलेलेच जास्त असतात.

प्रश्न : आईसाठी फाटा ते केदारनाथ हेलिकॉप्टरची तिकिटं व्हॉट्सॲपवरच्या एजंटकडून घेतली. 12,000 भरले, आता 'इन्शुरन्स'चे आणखी मागतोय. देऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एक पैसा देऊ नका. ही तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर मिळतात, व्हॉट्सॲपवर नाही. आणि त्याआधी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी लागते. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आत्ताच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळलं, तर गोठवता येतात. चॅट डिलीट करू नका, आणि आईंना तिकीट दाखवून झालं असेल तर तेही आजच सांगून टाका.