नास्तिकाने धार्मिक श्रद्धांचा आदर करायलाच हवा का?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही देव मानत नाही, घरचे म्हणतात मानू नकोस पण निदान आदर तरी ठेव, तर हा आदर तुम्ही देणं लागता का. माझं उत्तर नाही. नीट वागणं देणं लागता, समोरच्याला त्याच्या मनासारखं मानू देणं लागता, पण त्या मानण्याबद्दल मनात आदर असायलाच पाहिजे अशी सक्ती कोणी कोणावर करू शकत नाही, आणि केली तरी हाती फक्त नाटक लागतं.

बरं, असा आपोआप आदर आस्तिक तरी एकमेकांना कुठे देतात? ख्रिश्चन माणूस येशूला देवाचा पुत्र मानतो, मुसलमान त्याच येशूला पैगंबर मानतो पण देवाला पुत्र असणं त्याला साफ नामंजूर, आणि ज्यू यातलं काहीच मानत नाही. तिघांचंही एकाच वेळी बरोबर असू शकत नाही आणि तिघांनाही ते नीट माहीत असतं, तरी शेजारी राहतात, धंदे करतात, एकमेकांच्या मयताला जातात. म्हणजे दुसऱ्याची श्रद्धा चुकीची आहे असं वाटणं हा काही नास्तिकांचाच आगाऊपणा नाही. मग आदराचा हिशोब एकट्या नास्तिकाकडेच का मागायचा हे मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही.

सायमन ब्लॅकबर्न नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने यातली मेख बरोबर पकडलीये. मागणी सुरू होते ती अगदी साधी असते, आम्हाला आमचं करू द्या, मध्ये येऊ नका. याला कोण नाही म्हणेल. मग हळूच ती सरकते, नुसतं करू देऊ नका तर चांगलंही म्हणा, आणि शेवटी तुम्हीही आमच्यासारखंच वागा. बोट दिलं की हात धरायचा प्रकार. गंमत म्हणजे प्रत्येक पायरीला नाव तेच, आदर, त्यामुळे आपण नेमकं कशाला हो म्हणालो तेच कळत नाही. तुमच्या घरचे कुठल्या पायरीवर आहेत ते आधी बघा, कदाचित पहिल्याच पायरीवर असतील आणि मग भांडणच नाहीये.

आता आमच्या नास्तिक मंडळींचं आवडतं वाक्य, ‘माणसाचा आदर करा, विचारांचा नको’. मलाही ते पटतं पण लोक ते फार सहज फेकतात. श्रद्धाळू माणसाची श्रद्धा म्हणजे अंगावरचा शर्ट नाही की बाजूला काढून ठेवला आणि आतल्या माणसाशी बोललो. त्याचं लग्न, मुलांची नावं, मेलेल्या आईबद्दलचं दुःख सगळं त्यात गुंतलेलं असतं, तुम्ही ‘फक्त विचारावर’ टीका केलीत तरी लागतं त्यालाच. लागू नये असं म्हणून चालत नाही. पण लागलं म्हणजे टीका करायचा हक्कच नव्हता असंही होत नाही.

माणसाचा मान आणि श्रद्धेचा मान यातली रेष सगळ्यात स्वच्छ दिसते ती दवाखान्यात. यहोवाचे साक्षीदार नावाचा पंथ बायबलच्या आधाराने रक्त घेणं निषिद्ध मानतो. शुद्धीवर असलेला सज्ञान माणूस म्हणाला की मेलो तरी चालेल पण रक्त नको, तर बऱ्याच देशांत डॉक्टरला ते ऐकावं लागतं. आता डॉक्टरला काय ती श्रद्धा पटलेली असते का? बिलकुल नाही, मनातून हळहळत असेल तो. त्याने मान राखला तो त्या माणसाच्या स्वतःच्या शरीरावरच्या हक्काचा. आणि तेच आईबापांनी लहान मुलासाठी रक्त नाकारलं की कोर्ट मध्ये पडून रक्त द्यायला लावतं, असं कितीतरी वेळा झालंय. श्रद्धा तीच, तितकीच प्रामाणिक, तरी निकाल उलटा. श्रद्धेलाच आपोआप मान असता तर दोन्हीकडे एकच निकाल लागला असता ना.

संयुक्त राष्ट्रांतही हाच घोळ बरीच वर्षं चालला. 1999 पासून ‘धर्मांची बदनामी’ थांबवा अशा अर्थाचे ठराव तिथे दरवर्षी यायचे आणि पास व्हायचे, विरोध वाढत गेला, आणि 2011 मध्ये मानवी हक्क परिषदेच्या 16/18 क्रमांकाच्या ठरावाने रोख बदलला, धर्माला वाचवण्याऐवजी धर्मावरून माणसाचा छळ, भेदभाव, त्याच्याविरुद्ध हिंसेची चिथावणी यावर बोट ठेवलं. मला हे योग्य वाटतं. कल्पनेला जखम होत नाही, माणसाला होते. आणि धर्माला वाचवायच्या नावाखाली माणसांना जखमा किती झाल्या ते इतिहासात आहेच, 1697 मध्ये एडिनबरामध्ये थॉमस एकनहेड नावाच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेसाठी फाशी दिली, विशीतलं पोरगं, गुन्हा काय तर मित्रांमध्ये बसून धर्माची टिंगल केली.

पण म्हणून नास्तिकाला रान मोकळं असंही समजू नका. समोरचा नेमकं काय मानतो हे न वाचता दोन मीम बघून त्याच्यावर तुटून पडणारे खूप असतात, माझ्या बाजूचेच, आणि मला त्यांची लाज वाटते. शिवाय कोण कोणाला बोलतंय यानेही फरक पडतो, सत्तेत बसलेल्या धर्मगुरूला जाब विचारणं वेगळं आणि आधीच भेदरलेल्या अल्पसंख्य माणसाची खिल्ली उडवणं वेगळं. मयताच्या घरी जाऊन परलोक नसतो वगैरे सांगणाऱ्याला तर मी नास्तिक नाही, नुसता उद्धट म्हणेन.

घरच्यांना सांगायचं तर एवढंच सांगा की तुमची प्रार्थना चालू असताना मी गप्प बसेन, चेष्टा करणार नाही, मदत लागली तर करेन, पण मनात नसलेले शब्द तोंडाने म्हणणार नाही आणि मला विचारलंत तर काय वाटतं ते खरं सांगेन, म्हणून आवडत नसेल तर विचारू नका. बऱ्याच घरांत एवढ्यावर निभतं. नाही निभलं तर त्यांना आदर नकोय, तुमचा होकार हवाय, आणि तो द्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, घरात राहायचं असेल, शिक्षण किंवा पैसा त्यांच्यावर अवलंबून असेल तर काही वर्षं गप्प बसलात म्हणून मी तरी तुम्हाला भित्रा म्हणणार नाही.